ओव्हलसाठी वेगळा ड्रायव्हर का? आणि एरोस्क्रीन असताना धोका उरतो कुठे?

नवा_प्रेक्षक

बरीच वर्षं मी फक्त फॉर्म्युला वन बघत आलो. तिथे धावलेल्या मिक शूमाकरने 2026 साठी इंडीकार या अमेरिकी मालिकेतल्या रेहाल लेटरमन लॅनिगन संघाशी करार केला, तोही ओव्हलसकट (म्हणजे लंबगोल ट्रॅकवरच्या शर्यतींसकट) पूर्ण मोसमाचा, तेव्हापासून इंडीकारच्या जुन्या शर्यती शोधून बघतोय. रोड कोर्स, म्हणजे डावी-उजवी वळणं असलेले ट्रॅक, लगेच समजतात. ओव्हलला अडतो.

एक म्हणजे, जुन्या याद्यांमध्ये एकाच क्रमांकाच्या गाडीत दोन नावं दिसतात. 2021 मध्ये 48 नंबरच्या गाडीत जिमी जॉन्सन आणि ओव्हल आलं की टोनी कनान. 2023 मध्ये 11 नंबरात मार्कस आर्मस्ट्राँग आणि ओव्हलला ताकुमा सातो. हे भीतीपोटी होतं, सराव नसतो म्हणून, की आणखी काही कारण असतं?

दुसरं, हेलोच्या, म्हणजे डोक्याभोवतीच्या दांड्यांच्या कड्याच्या, जागी इथे काचेसारखी पूर्ण एरोस्क्रीन आहे. ड्रायव्हर समोरून इतका झाकलेला असताना ओव्हलबद्दल लोक अजून एवढे धास्तावलेले का असतात? सविस्तर सांगितलंत तर फार बरं होईल.

पिटबोर्ड

सरावाचा भाग मी सांगतो. ओव्हलची गाडी मुळात वेगळीच बांधलेली असते. वळायचं फक्त डावीकडे, त्यामुळे सगळी मांडणी एकतर्फी. मागचं उजवं टायर डाव्यापेक्षा घेराने मोठं, डाव्या-उजव्या चाकांचे कल निराळे. सरळ रस्त्यावरही गाडी डावीकडे ओढत राहते आणि ड्रायव्हरला ती धरून ठेवावी लागते. शर्यत चालू असताना टाकीतलं इंधन कमी होतं, टायर झिजतात, तसतसा तो आतून वेट जॅकर आणि अँटी-रोल बार (गाडीचा तोल बदलणारी साधनं) बदलत राहतो.

इंडियानापोलिसची लॅप अडीच मैलांची, चार वळणं, उतार फक्त 9 अंश 12 मिनिटं. 2024 ला स्कॉट मॅक्लॉफ्लिनने पोल (पात्रता फेरीतला पहिला क्रमांक) घेतली तेव्हा चार लॅप्सची सरासरी होती ताशी 234.220 मैल, म्हणजे जवळजवळ 377 किलोमीटर. वळणं धरून, बरं का. या वेगात पुढच्या गाडीच्या मागे शिरलात की तुमच्या पुढच्या पंखाला हवा मिळत नाही, गाडी वळेनाशी होते आणि भिंतीकडे सरकायला लागते. ते सरकणं पाठीला आधी कळावं लागतं, डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. रोड कोर्सवर वाढलेल्या माणसाला हे लगेच येत नाही. म्हणून चिप गनासी संघाने नवख्या आर्मस्ट्राँगऐवजी 2017 आणि 2020 ला इंडी 500 (इंडियानापोलिसची 500 मैलांची शर्यत) जिंकलेला सातो बसवला. ओव्हल न धावताही आर्मस्ट्राँग त्या वर्षीचा सर्वोत्तम नवा ड्रायव्हर ठरला.

तिसरं_वळण

पिटबोर्ड म्हणतात ते अगदी खरं, पण धोका कुठे उरतो याचं उत्तर त्यात नाही. ते देताना जरा लांबण लागेल.

लास वेगासची 16 ऑक्टोबर 2011 ची शर्यत मी थेट बघितली होती. दीड मैलाचा ट्रॅक, वळणांना 20 अंशांचा उतार, आणि त्यावर 34 गाड्या. इंडियानापोलिसला अडीच मैलांवर 33 असतात, हे शेजारी ठेवून बघा. शिवाय उतार एवढा आणि डाउनफोर्स (गाडीला खाली दाबणारा हवेचा जोर) एवढा की कुणालाच ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायची गरज नव्हती. सगळेच पूर्ण वेगात, म्हणजे कुणी कुणापासून सुटू शकत नाही. अकराव्या लॅपला पुढे दोन गाड्या लागल्या आणि त्यात 15 गाड्या सापडल्या. डॅन व्हेल्डन सगळ्यात मागून निघाला होता. त्याची गाडी उडाली, जाळीच्या कुंपणावर गेली आणि खांबाला डोकं लागून तो गेला. त्याच वर्षी मे महिन्यात त्याने दुसऱ्यांदा इंडी 500 जिंकली होती. डल्लारा कंपनीच्या पुढच्या वर्षीच्या गाडीच्या चाचण्याही तोच करत होता. त्या गाडीला मग त्याच्या नावाची आद्याक्षरं मिळाली, डीडब्ल्यू 12.

त्या गाडीत मागच्या चाकांमागे गार्ड दिले होते. उघड्या चाकांच्या गाड्यांत चाकावर चाक चढलं की मागची गाडी हवेत फेकली जाते, ते टळावं म्हणून. 2018 च्या नव्या बॉडीकिटमध्ये (गाडीच्या बाहेरच्या भागांच्या संचात) ते काढून टाकले. त्याच किटमध्ये ड्रायव्हरच्या कुशीला धक्का झेलणारी रचना मात्र आली, आणि माझ्या मते ती जास्त मोलाची. 2015 ला इंडियानापोलिसच्या सरावात जेम्स हिंचक्लिफची गाडी भिंतीला धडकली तेव्हा सस्पेन्शनचा तुकडा ढाचा फोडून त्याच्या मांडीत घुसला होता. सेफ्टी टीमने रक्तस्राव थांबवून त्याला वेळेत रुग्णालयात पोचवलं म्हणून तो वाचला. पुढच्या वर्षी त्याच ट्रॅकवर त्याने पोल घेतली.

आता एरोस्क्रीन. ऑगस्ट 2015 मध्ये पोकोनोला पुढे अपघात झालेल्या गाडीचं नाक हवेत उडालं आणि मागून येणाऱ्या जस्टिन विल्सनच्या डोक्याला लागलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. तुम्ही फॉर्म्युला वन बघता, म्हणजे 2009 चं हंगेरी आठवत असेल, मासा या ड्रायव्हरच्या हेल्मेटवर स्प्रिंग आदळली ते. हेलो चाक अडवतो. पण त्याच्या दांड्यांमधून स्प्रिंगएवढी वस्तू आत येऊ शकते. ओव्हलवर असे तुकडे ताशी साडेतीनशे किलोमीटरने येणाऱ्या माणसासमोर पडतात. म्हणून इंडीकारने टायटॅनियमच्या चौकटीत पॉलिकार्बोनेटची पारदर्शक ढाल बसवली, रेड बुल ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजीजने विकसित केलेली. 2020 पासून सगळ्या गाड्यांना ती सक्तीची झाली. त्याच जुलैत आयोवाला शर्यत पुन्हा सुरू होताना हर्टाची गाडी व्हीकेच्या गाडीवर चढली. ती चित्रफीत मिळाली तर नक्की बघा. दोघेही धडधाकट बाहेर आले.

पण एरोस्क्रीन कुंपणाचं काय करणार? भिंतीचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला. पोलादी चौकोनी नळ्या आणि त्यांच्यामागे फोम अशी सेफर बॅरियर 2002 ला इंडियानापोलिसला पहिल्यांदा लागली, नेब्रास्का विद्यापीठात तयार झालेली, आणि भिंतीवरच्या धडका सोसण्याजोग्या झाल्या. भिंतीच्या वर मात्र जाळी आणि खांबच आहेत. प्रेक्षकांसाठी ते हवेतच. पण गाडी वर गेली की तेच खांब तिला अडकवतात, गरगर फिरवतात, तिचे तुकडे करतात. 2018 ला पोकोनोला रॉबर्ट विकन्सची गाडी कुंपणात गेली आणि त्याच्या मणक्याला इजा झाली. हाताने चालवायच्या गाडीतून त्याने 2023 ला टीसीआर या टूरिंग मोटारींच्या गटाचं विजेतेपद मिळवलं. हा माणूस मला फार मोठा वाटतो.

म्हणून चिलखत वाढवणं हा निम्माच उपाय आहे, असं मी ठामपणे म्हणतो. गाड्या एकमेकींपासून सुटतील असे नियम करणं हे त्याहून महत्त्वाचं. 2012 ला टेक्सासमध्ये डाउनफोर्स कमी केला. टायर झिजले की पाय उचलावाच लागायचा. ज्याने टायर जपले तो पुढे गेला, घोळका आपोआप विखुरला. ती शर्यत कोणी जिंकली? जस्टिन विल्सनने. आणि 2015 ला फाँटानाला पुन्हा घोळक्याची शर्यत झाली. आघाडी 80 वेळा बदलली, टीव्हीवर लोक खूश, आणि गाडीतून उतरलेले अनेक ड्रायव्हर संतापलेले. इंडीकार तिथे परत गेली नाही. मला याचं समाधान आहे.

नवा_प्रेक्षक

खूप आभार. आता 34 गाड्यांचा तो आकडा डोक्यातून जात नाही. मग एखाद्याने सरळ सांगितलं की मी ओव्हल चालवणार नाही, तर त्याला संघ मिळतो का? की शिक्का बसतो?

तिसरं_वळण

माइक कॉनवेचं उदाहरण घ्या. 2010 च्या इंडी 500 च्या शेवटच्या लॅप्समध्ये त्याची गाडी पुढच्या गाडीवरून उडून कुंपणात गेली आणि पाय मोडला. तो परत आला, ओव्हल धावलाही. 2012 च्या सप्टेंबरमध्ये मात्र फाँटानाच्या शर्यतीआधी त्याने संघाला सांगितलं की यापुढे ओव्हल नाही. सरळ, वेळेत, गाडीत बसण्याआधी.

एड कार्पेंटरचं नेमकं उलट होतं. तो ओव्हलचा राजा, 2013 आणि 2014 ला लागोपाठ इंडी 500 ची पोल त्याची. रोड कोर्सवर मात्र त्याची गाडी मागेच असायची. संघही त्याचाच. 2014 ला त्याने 20 नंबरची गाडी वाटून घेतली, ओव्हल स्वतःकडे आणि बाकी कॉनवेला. त्या एका मोसमात त्या एका गाडीने तीन शर्यती जिंकल्या. लाँग बीच आणि टोरंटो कॉनवेने, टेक्सास कार्पेंटरने. कॉनवे पुढे टोयोटाकडून 2021 ची ल मांची 24 तासांची शर्यत जिंकला. त्याला घाबरट म्हणणाऱ्यांशी मी तेव्हाही वाद घातला होता, आजही घालीन. ज्याच्या मनात शंका आहे असा ड्रायव्हर त्या घोळक्यात असणं हे इतर सगळ्यांसाठीही वाईट.

जॉन्सनचं वेगळं. त्याने पहिल्या वर्षी ओव्हल टाळले, एरोस्क्रीनचा अनुभव बघितला, आणि 2022 ला इंडी 500 सकट पूर्ण मोसम धावला. ग्रोजाँही पहिल्या वर्षी इंडी 500 ला आला नव्हता. बहरीनच्या फॉर्म्युला वन शर्यतीत त्याच्या गाडीला लागलेली आग तेव्हा जेमतेम काही महिन्यांपूर्वीची, घरी तीन मुलं. पण त्याच मोसमात गेटवेच्या लहान ओव्हलवर तो उतरला, आणि पुढच्या वर्षी इंडियानापोलिसलाही. मिकबद्दल विचारलंत तर, पहिल्याच वर्षी सगळं धावायचा त्याचा निर्णय धाडसाचा आहे. एवढंच वाटतं की निकालांवरून त्याची घाईने पारख होऊ नये.

पिटबोर्ड

यात इंडियानापोलिसचा 2015 चा मे घालतो. त्या वर्षी सरावात कास्त्रोनेव्हेस, न्यूगार्डन आणि खुद्द कार्पेंटर, तिघांच्या गाड्या धडकेनंतर फिरून उलट्या झाल्या आणि हवेत गेल्या. गाडी तोंड मागे करून धावायला लागली की खालून हवा शिरते आणि ती उचलली जाते. त्या वर्षी पात्रता फेरीत इंजिनचा बूस्ट (ताकद वाढवणारा हवेचा दाब) कमी केला, आणि पुढच्या वर्षी गाडीच्या तळाला मधे फुगीर पट्टी आली, उचल कमी करायला.

आणि चाकं. 2023 च्या इंडी 500 मध्ये कर्कवुडच्या गाडीचं मागचं चाक निसटून कुंपणावरून बाहेर गेलं आणि पार्क केलेल्या मोटारीवर पडलं. कुणालाही लागलं नाही, पण जरा इकडेतिकडे झालं असतं तर तिथे माणसं बसली होती. चाक धरून ठेवणारे भाग त्यानंतर सुधारले.

तिसरं_वळण

हो, ते चाक बघताना माझा श्वास अडकला होता.

2028 साठी डल्लाराची नवी गाडी येते आहे. आताचा ढाचा 2012 चा आहे, एरोस्क्रीन त्यावर नंतर चढवली. त्यामुळे पुढचं वजन वाढलं, आत उकाडा वाढला, आणि हवा खेळवायला नंतर जुळवाजुळव करावी लागली. नव्या गाडीत हे सगळं पहिल्या रेखाटनापासून धरलेलं असायला हवं. पण ती आली की मी आधी एकच गोष्ट बघणार आहे. इंडियानापोलिसला तिसऱ्या वळणात दुसऱ्याच्या मागे आलेल्या ड्रायव्हरला पाय उचलावा लागतो की नाही.