जेरी राइसने 2002 नंतर थांबायला हवं होतं का?

निवांत_पाटील:
जेरी राइस अमेरिकन फुटबॉलमधला वाइड रिसीव्हर, म्हणजे क्वार्टरबॅकने (चेंडू फेकणाऱ्या मुख्य गड्याने) फेकलेला चेंडू पळत जाऊन झेलणारा गडी. पाय मंदावले की खेळ संपला. तरी हा बाबा 1985 पासून 2004 पर्यंत वीस हंगाम खेळला. 1,549 झेल, 22,895 यार्ड. कौतुक आहेच. पण चाळिशी गाठली त्या 2002 च्या हंगामात ओकलंड रेडर्सकडून 92 झेल, 1,211 यार्ड, वर सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल. तिथेच रामराम ठोकायचा ना! पुढे 2004 मध्ये बफेलोविरुद्ध एकही झेल मिळाला नाही आणि सलग 274 सामन्यांची मालिका तुटली. मग सिअॅटलच्या संघात गेला आणि तिथे त्यांच्या जुन्या खेळाडूचा, स्टीव्ह लार्जंटचा निवृत्त केलेला 80 नंबर अंगावर चढवला. लार्जंटचा होकार होता, मान्य. पण घ्यायचाच कशाला?

बे_एरियाकर:
नंबरचं पटलं. बाकी नाही. त्याच सिअॅटलकडून डिसेंबरमध्ये डॅलसविरुद्ध 8 झेल, 145 यार्ड, एक टचडाउन (चेंडू मैदानाच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन मिळणारे गुण). वय 42! सामना 43-39 असा हरले, पण त्यात त्याचा काय दोष? इथे एजवुड पार्कात तो ऑफसीझनला पळायचा ती चढण आहे, साधारण अडीच मैलांची. नुसतं चालत जाऊन बघा, अर्ध्यातच फेफे उडते.

काकडे_मामी:
थांबणं त्याच्या स्वभावातच नव्हतं हो. 1997 मध्ये पहिल्याच सामन्यात गुडघ्याचा लिगामेंट फाटला. डिसेंबरात परत मैदानात हजर, टचडाउनचा झेल घेतला आणि पडताना त्याच गुडघ्याची वाटी मोडली. डॉक्टरांचं ऐकणारा माणूस वीस वर्षं खेळलाच नसता.

निवांत_पाटील:
मामी, मग तोही रिसीव्हर असलेला लॅरी फिट्झजेराल्ड? सतरा हंगाम, एकच संघ अॅरिझोना, 1,432 झेल. 2020 नंतर ना निरोप समारंभ, ना गाजावाजा. गुपचूप घरी. याला म्हणतात आब.

बे_एरियाकर:
त्याच्या शेवटच्या हंगामात 409 यार्ड आणि एक टचडाउन होता, तेव्हा तुम्ही धागा काढला नाहीत! एका संघात राहिला म्हणून घसरण दिसली नाही, एवढंच. राइसला त्याच्या पहिल्या संघाने, सॅन फ्रान्सिस्को 49अर्सनी 2000 नंतर ठेवलं नाही. त्याने काय करायचं होतं, हातपाय धड असताना घरी बसायचं? 2005 मध्ये डेन्व्हरच्या सराव शिबिरात कळलं की रिसीव्हरांमध्ये चौथ्या-पाचव्या क्रमांकावर बसावं लागेल, तेव्हा हंगाम सुरू व्हायच्या आधी स्वतःहून निवृत्त झालाच की.

निवांत_पाटील:
शिबिरापर्यंत गेला, हेच तर माझं म्हणणं आहे.