आबांच्या अंगठ्याची जखम सहा आठवडे झाले भरेना

रापीवाला_सुभाषनगर
आमचं चपलांचं काम आहे, आज्ज्यापास्नं. आबा ६७ वर्षांचे, साखरेचं दुखणं १४ वर्षं. दिवाळीला मीच त्यांना नवा कापशी (कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार) जोड बांधून दिला. तेल पाजायला घाई झाली आणि चप्पल चावली. उजव्या पायाच्या अंगठ्याला आतल्या बाजूनं रुपयाएवढी जखम झालीय. आबांना कळलंच नाही. तळावर रक्ताचा डाग मला दिसला, तेव्हा घरात समजलं.

आधी हळद भरली, मग "हवा लागू दे" म्हणून उघडी ठेवली. वर खपली धरते, खालनं पाणी येतं. रापी लागून माझी बोटं वर्षात दहादा कापतात, आठवड्यात भरून येतात. चामडं तेच, बाप-लेक तेच, मग असं का? एका दवाखान्यात "ग्रोथ फॅक्टर" जेल सांगितलंय, ट्यूब महाग आहे. पाय न तपासताच चिठ्ठी लिहून दिली. घ्यावी का?

ड्रेसिंगटेबल_१९वर्षं
दादा, पहिलं म्हणजे तो जोड आजपासून खुंटीला. आणि सहा आठवडे म्हणजे आधीच उशीर झालाय. चार आठवड्यांत जखम निम्मीसुद्धा आटली नाही, तर नुसतं मलम बदलून भागत नाही, कारण शोधावं लागतं.

तुमच्या बोटाचं सांगते. कापल्यावर रक्त गोठतं, दिवसाभरात पांढऱ्या पेशी जंतू मारायला येतात, मागोमाग मॅक्रोफेज नावाच्या पेशी. या आधी घाण खातात आणि मग स्वभाव पालटून बांधकामाचे निरोप धाडतात. त्या निरोपावर लालसर दाणेदार मांस भरतं, बारीक रक्तवाहिन्या फुटतात, कडेची कातडी सरकत आत येते. साखर चढलेल्या अंगात हा पालट अडकतो. पेशी भांडणातच राहतात. त्यांच्यातून सुटणारी विकरं (एन्झाइम) जंतूंबरोबर नवं कोलॅजनही, म्हणजे कातडीला ताकद देणारे धागे, कुरतडतात, आणि निरोपाची प्रथिनंसुद्धा. तुमचं जेल म्हणजे तेच निरोपाचं प्रथिन. अमेरिकेत १९९७ सालीच त्याला मंजुरी मिळाली, त्यामुळे थोतांड नाही. पण मेलेलं मांस न खरवडता, पायावरचा दाब न काढता लावलं तर ट्यूब वाया.

खपलीचं म्हणाल तर ती शत्रूच समजा. १९६२ साली विंटर नावाच्या संशोधकानं डुकरांच्या जखमांवर दाखवलं की पातळ प्लॅस्टिकखाली ओलसर ठेवलेली जखम उघडीपेक्षा जवळपास दुप्पट वेगानं कातडी धरते. कोरड्या खपलीखाली पेशींना वाट खणत जावं लागतं. अर्थात ओलसर म्हणजे चिंब नव्हे, आणि पाय पाण्यात बुडवून बसवायचं नाही.

पन्हाळ्याचा_वारा
हळदीला नावं ठेवू नका हां. अमेरिकेनं १९९५ साली जखमेवरच्या हळदीचं पेटंट दिलं होतं, आपल्या शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर सरांनी १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं!

ड्रेसिंगटेबल_१९वर्षं
वारेसाहेब, ते पेटंट रद्द झालं ते "हे आम्हाला आधीपासून ठाऊक आहे" म्हणून. डब्यातली हळद साखरेच्या जखमेत भरा असं त्यात कुणी म्हटलेलं नाही. मी असल्या जखमांतनं हळदीचे खडे धुऊन काढलेत.

दादा, खरा घोळ आबांना दुखलं नाही इथं आहे. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांचे पाय बघायचे. लोक म्हणत, रोगानं मांस झडतं. त्यांनी ओळखलं, बधिर पायावर माणूस चालत राहतो म्हणून जखम भरत नाही. प्लास्टर घालून दाब काढला की त्याच जखमा भरायच्या. तेव्हा आबांची दोऱ्याची तपासणी (दोरा टेकवून पायाला कळतंय का बघतात), पायाची नाडी आणि हाडाचा एक्स-रे, हे तिन्ही या आठवड्यात करा. लाली वर चढली, वास आला किंवा ताप आला तर त्याच दिवशी न्या.

रापीवाला_सुभाषनगर
ताई, जाऊन आलो. नायलॉनचा दोरा टेकवला तर तीन जागी आबांना पत्ताच नाही. नाडी लागते, हाड बरं आहे. कडेचा घट्टा कापून काढला, तेव्हाही आबा गप्पा मारत होते. जेल पुढं बघू म्हणाले, आधी साखर आणि दाब.

कोलॅजनचं वाचून एक आठवलं. कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात मुरवतो, तेव्हा आम्ही कोलॅजनच पक्कं करत असतो म्हणे. जनावराला कधी तार लागून भरलेली जागा कमावल्यावरही ओळखू येते. तिथं दाणा वेगळा, ताण कमी. म्हणून तो तुकडा आम्ही पट्ट्याला घेत नाही. माणसाचंही तसंच का?

ड्रेसिंगटेबल_१९वर्षं
तसंच. वणाची कातडी वर्षभर पक्की होत राहते, तरी मूळच्या ८० टक्क्यांच्या वर ताकद जात नाही. म्हणून भरल्यावरही तिथं अंगठ्याची वादी नको.

रापीवाला_सुभाषनगर
मग वादीच काढली. मऊ एमसीआर (बारीक छिद्रांचं रबर) शीटचा तळ, वर दोन रुंद पट्टे, मागं बंद, आत शिवण नाही. जखम भरल्यावर द्यायचा, डॉक्टरांना दाखवून. आबांनी हातात घेऊन वाकवून बघितलं आणि म्हणाले, "करकर वाजंना झालंय, ही कसली चप्पल?" आता एकच अडलंय. बाजारात मिळालेली शीट अंगठ्यानं दाबली की पार तळाला टेकते. कुणी हे काम केलंय का? किती जाडीची घेता?