मदत हवी आहे : आय-ट्रॅकरचा ड्वेल टाइम कोडमधून कसा सांभाळायचा?

नमस्कार मंडळी. माझे बाबा एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारामुळे बोलू शकत नाहीत, डोळ्यांनी टाइप करतात. स्क्रीनखाली टोबी कंपनीचा रिसर्च मॉडेलचा आय-ट्रॅकर (नजर टिपणारं यंत्र) आहे, मी पायथनमधून त्यांचं प्रो एसडीके (कोड लिहायची साधनं) वापरतोय. दादरच्या घराची खिडकी पश्चिमेला. दुपारनंतर उन्हातलं इन्फ्रारेड आत येतं आणि ट्रॅकर गडबडतो. म्हणून सकाळ-संध्याकाळचं कॅलिब्रेशन (ट्रॅकर डोळ्यांशी जुळवून घेणं) वेगवेगळ्या फाइलमध्ये ठेवून कोडमधून लावतो. ते जमलं.

अडलंय ड्वेल टाइमवर, म्हणजे अक्षर निवडायला त्यावर जितका वेळ नजर रोखायची त्यावर. एसडीके नुसते नजरेचे बिंदू देतं. अक्षर निवडलं की नाही, हे आपणच ठरवायचं. ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० नोंदी) ८०० मिलिसेकंद म्हणजे ४८ सॅम्पल. पण मध्येच पापणी लवली की व्हॅलिडिटी (नोंद ग्राह्य आहे की नाही ते) शून्य होते आणि मोजणी पहिल्यापासून सुरू. 'आई' लिहिताना 'ई'वर बाबांना पुन्हापुन्हा नजर रोखावी लागते. फार दमतात हो.

पापणी लवल्यामुळे पडणारी किती मिलिसेकंदांची गॅप चालवून घ्यावी? आणि डावी पापणी थकून मिटायला लागली, तर फक्त उजव्या डोळ्याचा डेटा धरावा, की एका डोळ्याचं कॅलिब्रेशन वेगळं करावं? कुणी असं केलं असेल तर कोडचा तुकडा द्या. मुंबईत कुणी असेल तर मी लॅपटॉप घेऊन भेटायला येईन.