‘आई हवी की बाबा?’ हे मुलाला कोर्टात विचारावं का?

फोंड्याचा मास्तर
माझ्या वर्गातला एक मुलगा परवा तीन दिवसांनी शाळेत आला. “सर, कोर्टात गेलो होतो. मला आत घेतलंच नाही.” आईबाबांची कौटुंबिक हिंसाचाराची केस. बाहेर बाकावर बसून त्याने वहीच्या मागच्या पानावर आल्यागेल्या काळ्या कोटांच्या रेघा मारल्या होत्या. सदतीस. मारहाण झाली तेव्हा हा त्याच खोलीत होता.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम २१ काढून वाचलं. मुलांचा तात्पुरता ताबा, बापाच्या भेटी, भेट मुलाला घातक वाटली तर ती नाकारणं, सगळं दंडाधिकाऱ्यांच्या हाती. मुलाला विचारा, असं त्यात कुठेच नाही. माझं मत: आठ वर्षांवरच्या प्रत्येक मुलाला न्यायाधीशांनी चेंबरमध्ये बोलावून विचारलंच पाहिजे.

म्हापशाची वकील
मास्तर, सपशेल असहमत. विचारायला कोणी अडवलेलं नाही. २००८ च्या कुंडू खटल्यात आई वारलेली, बापावर छळाचा खटला. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मुलाला चेंबरमध्ये बोलावलं, तो आजी-आजोबांना सोडायला तयार नव्हता, आणि बापाला दिलेला ताबा रद्द झाला.

पण सक्ती केलीत की तारखेच्या आदल्या रात्री पढवणं सुरू. एकीकडून नवी सायकल, दुसरीकडून आजीचं रडणं. एक आठ वर्षांची मुलगी साहेबांना म्हणाली होती, “माझं मानसिक संतुलन बिघडतं.” आठ वर्षांची! ही भाषा कोणाची, ते सांगायला हवं का?

डिचोलीकर
वकीलबाईंशी सहमत. घरचं भांडण पोरांच्या तोंडून चव्हाट्यावर कशाला? आमचा बापूसही आईला दोन देत होता. आम्ही काय बिघडलो?

सांखळीची
@डिचोलीकर, बिघडलात. ते वाक्य लिहिताना हात अडखळला नाही ना, तिथेच कळलं.

मी अशीच विचारली गेलेली मुलगी. वय बारा. आई तेव्हा माहेरी, मी आणि धाकटा बाबांकडे. साहेब चांगले होते, बिस्किटंही दिली. मग विचारलं, “आई हवी की बाबा?” मी बाबा म्हटलं. निकालात ‘मुलीची पसंती’ म्हणून ते उतरलं.

घरी रात्री काय होतं, हे मात्र कोणी विचारलं नाही. मी सांगितलं असतं. बाबांनी फाटकाची कडी लावली तर रात्र बरी जायची. फाटक उघडंच टाकून आत आले की मी धाकट्याला उचलून मागच्या दाराने शेजारच्या मावशीकडे. हे मला कोणी पढवलं नव्हतं.

म्हापशाची वकील
ताई, वाचून गप्प झाले. तरी सांगते, ही कडी पुरावा म्हणून आली की उलटतपासणी आलीच. साक्षीदाराला वयाची अट नाही, जुन्या पुरावा कायद्यात कलम ११८, आता २०२३ च्या साक्ष्य अधिनियमात १२४. प्रश्न कळून उत्तर देता आलं की झालं. मग समोरचा वकील विचारणार, “बाळ, कितीदा लावली नव्हती कडी? तारीख सांग.”

फोंड्याचा मास्तर
मग पणजीचं बाल न्यायालय कशाला आहे? २००३ च्या आपल्याच गोवा बाल कायद्यातलं.

म्हापशाची वकील
ते मुलांवरच्या गुन्ह्यांसाठी, मास्तर. ताब्याचं भांडण तिथे जात नाही.

फोंड्याचा मास्तर
म्हणजे पोराला मारलं तर वेगळी खोली, त्याच्यादेखत आईला मारलं तर बाहेरचं बाकडं. छान.

म्हापशाची वकील
सक्तीला माझा विरोध कायम. पण पुढच्या तारखेला एका दहा वर्षांच्या मुलाला चेंबरमध्ये नेण्याचा अर्ज मलाच करायचाय. ताई, त्याला पहिलं काय विचारावं?

सांखळीची
आज कोर्टातून घरी कोणाबरोबर जाणार आहेस, एवढं विचारा. मला बाबांनी आणलं होतं, आणि स्कूटर खाली उभी होती.