प्रति: क्लॅरिटी की कट?

बजेट तेच असेल तर साखरपुड्याच्या अंगठीसाठी लहान का होईना, व्हीव्हीएस (जवळजवळ निर्दोष) हिराच घ्यावा का, असं वर विचारलंय. माझं मत: नको. क्लॅरिटी, म्हणजे हिऱ्यात बारीक दोष किती कमी, ती 10 पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली ठरते आणि साखरपुड्याला कुणी भिंग घेऊन येत नाही. व्हीएस2 (त्याखालची क्लॅरिटी) घ्या, वाचलेले पैसे चांगल्या कटवर, म्हणजे हिऱ्याला पैलू किती नीट पाडलेत त्यावर, घाला. चमक मुख्यतः तिथूनच येते. पिवळ्या सोन्यात जी-एच रंगाचा (म्हणजे जवळजवळ रंगहीन) हिराही पांढराच वाटतो. गोखले रोडवरच्या सराफी दुकानांत स्पॉटलाइटखाली काहीही लखलखतं, म्हणून अंगठी दाराशी नेऊन दिवसाउजेडी तिरकी करून बघा. आणि अंगठीवरचा हॉलमार्क (शुद्धतेचा शिक्का) सोन्याचा असतो, हिऱ्याचा नाही हं! हिऱ्यासाठी जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थांचं सर्टिफिकेट वेगळं मागा. हिऱ्याच्या कडेवर लेझरने नंबर कोरलेला असेल तर तो सर्टिफिकेटशी जुळतो का, ते दुकानदाराच्याच भिंगातून बघून घ्या.