यू-बोटीवरच्या पोरांबद्दल हळहळ वाटणं चूक आहे का?

डोकावणारा:
शिकागोच्या म्युझियममध्ये यू-५०५ ठेवलीय, अमेरिकन नेव्हीने जून १९४४ मध्ये भर समुद्रात पकडलेली जर्मन पाणबुडी. मध्यंतरी तिच्यात जाऊन आलो आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून हा धागा. आत शिरलो आणि दोन मिनिटांत मान अवघडली, एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचं तर गोल भोकातून, त्यात आधी पाय घालायचा की डोकं हेच कळत नाही. माणसं ५९ आणि बंक ३५. म्हणजे एक उठून ड्यूटीवर गेला की दुसरा त्याच्याच गरम गादीवर आडवा, आणि हे तीन तीन महिने, आंघोळ नाही दाढी नाही. पुढच्या कप्प्यात तर टॉर्पेडोंच्या अंगाला अंग लावूनच झोपायचं.

याच बोटीवर ऑक्टोबर १९४३ मध्ये वरून डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) पडत असताना कमांडर पीटर त्शेख याने स्वतःच्या डोक्यात गोळी घातली. वय २५. मग त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याने बोट घरी आणली.

अख्ख्या युद्धात साधारण ४०,००० जण या बोटींवर गेले, त्यातले जवळपास ३०,००० परत आलेच नाहीत. चारातले तीन. हिटलर गेला खड्ड्यात, पण त्या विशीतल्या पोरांबद्दल मला हळहळ वाटली, खोटं कशाला बोलू. बायकोला म्हटलं तर ती म्हणाली, बुडालेल्या जहाजांत तिकीट काढून जाता येत नाही ना, म्हणून तुला असं वाटतंय. तुमचं काय मत?

सारंगाचा नातू:
वहिनींशी सहमत. धाग्यावर पहिला दगड मीच मारतो.

माझे आजोबा ब्रिटिश मालवाहू जहाजावर डेकवर होते. तेव्हा त्या जहाजांवर डेकला बरेचदा आमच्या रत्नागिरीकडचे, इंजिनात सिल्हेटचे, किचनमध्ये गोव्याचे असायचे, सगळ्यांना मिळून नाव एकच, लास्कर. पगार गोऱ्या खलाश्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याने. इंजिनात कोळसा ओढणारा तर टॉर्पेडो लागला की वर यायच्या आधीच खलास, जिने कुठे आणि तो कुठे. सप्टेंबर १९४० मध्ये 'सिटी ऑफ बनारस' बुडवली, तिच्यावर कॅनडाला पाठवलेली ९० मुलं होती आणि त्यातली ७७ गेली, हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेलच. त्याच जहाजावर शंभराच्या आसपास लास्कर गेले हे किती जणांनी वाचलंय?

पाणबुडीत गादी गरम होती म्हणे. बरं.

नटबोल्ट:
नातूसाहेब, राग समजू शकतो पण बनारसच्या बाबतीत एक गोष्ट: रात्रीची वेळ, दिवे बंद, काफिल्यातलं जहाज. आत मुलं आहेत हे ती बुडवणाऱ्या यू-४८ च्या कमांडरला पेरिस्कोपमधून दिसायचं काही कारण नव्हतं. युद्धानंतर त्याच्यावर खटला चालला त्यात तो सुटला.

दुसरं, पाणबुडी हा शब्दच थोडा फसवा आहे. तेव्हाची बोट म्हणजे बुडी मारता येणारी साधी बोट. बराच वेळ वरच चालायची डिझेलवर, आणि पाण्याखाली बॅटरीवर चालायची ती सायकलच्या स्पीडने, जोरात पळवली तर तासाभरात बॅटरी झोपली. म्हणून वर विनाशिका आली की पळता येत नाही. लपायचं. ड्यूटी नसलेल्यांनी आडवं व्हायचं म्हणजे हवा कमी लागते, बूट काढायचे, पाना जरी खाली पडला तरी वर ऐकू जाणार. आणि वरच्या जहाजाच्या सोनारचा, म्हणजे आवाज सोडून पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राचा, तो पिंग... पिंग... येतोय तो बोटीच्या पत्र्यावर कानाने ऐकू येतो, यंत्र लागत नाही. असं कधी कधी दिवसदिवस. बॅटरीत खारं पाणी शिरलं तर क्लोरीन. शेवटी शेवटी तर एक बोट, यू-१२०६, निव्वळ संडासाचा व्हॉल्व चुकल्यामुळे गेली, हसू नका, खरं आहे, एप्रिल १९४५, स्कॉटलंडजवळ.

मे १९४३ या एका महिन्यात ४१ बोटी गेल्या. जर्मन पाणबुड्यांचा प्रमुख डोनित्झ, त्याचा स्वतःचा धाकटा मुलगा त्यात होता. काही दिवसांत डोनित्झने उत्तर अटलांटिकमधून बोटी मागे घेतल्या आणि मग परत पाठवायला लागला, का, तर शत्रूची विमानं अडकून राहावीत. म्हणजे तोपर्यंत शिकारी असलेल्यांची सरळ शिकार, आणि हे वर बसलेल्याला माहीत होतं. मला तिथे हळहळ वाटते.

सरळरेषा:
पण मग ती पोरं तेव्हाही जातच होती ना? आणि हे "पोरांना काय माहीत" प्रकरण मला अजिबात पटत नाही. यू-१५४ चा कमांडर ऑस्कर कुश, त्याने बोटीतला हिटलरचा फोटो काढायला लावला, राजवटीबद्दल उघड बोलायचा. म्हणजे ज्याला बघायचं होतं त्याला त्याच पत्र्याच्या डब्यात बसून दिसत होतं.

चिमटा:
@सरळरेषा, कुशचं पुढे काय झालं ते का गाळलंत? त्याच्याच हाताखालच्या अधिकाऱ्याने चुगली केली आणि मे १९४४ मध्ये कील शहरात गोळ्या घातल्या त्याला. तुमचंच उदाहरण तुमच्या विरोधात जातंय. बोललं तर भिंत, नाही बोललं तर समुद्र.

सरळरेषा:
नाही हो, उलट. चुगली करणाराही त्याच बोटीवरचा "पोर"च होता की. कमांडर धरून सगळे एका तराजूत टाकून "बिचारे" म्हणायचं असेल तर मग कुशला काय वेगळं म्हणणार? माझा आक्षेप त्या चारातले तीन या आकड्याला आहे. आकडा खरा आहे, पण मेलेल्यांचा आकडा मोठा झाला की लोक आपोआप चांगले होत नाहीत. 'हाइन्झ एक' हे नाव बघा ('एक' हे आडनाव), यू-बोट कमांडर, मार्च १९४४, 'पेलेउस' नावाचं ग्रीक जहाज बुडवलं आणि मग तराफ्यांवर मशीनगन आणि हातबॉम्ब. का तर अवशेष दिसले तर आपला माग लागेल म्हणून. ३५ जणांतले ३ वाचले. भीती ही सबब असेल तर हीसुद्धा भीतीच होती.

नटबोल्ट:
हाइन्झ एकला गोळ्या घातल्या नंतर, दोन साथीदारांसकट. आणि अशा गुन्ह्यात दोषी ठरलेला यू-बोट कमांडर तो एकटाच. उलट सप्टेंबर १९४२ मध्ये 'लॅकोनिया' हे ब्रिटिश जहाज बुडवल्यावर त्यात इटालियन कैदी आहेत हे कळलं तेव्हा यू-बोट कमांडर हार्टेनस्टाइनने सगळ्यांनाच वर काढायला घेतलं, उघड रेडिओवर इंग्रजीत मदत मागितली, डेकवर रेडक्रॉसचं कापड पसरलं. त्यावर अमेरिकन विमानाने बॉम्ब टाकले. मग डोनित्झचा हुकूम निघाला की यापुढे कोणाला वाचवायचं नाही.

चिमटा:
अमेरिकनांचा विषय निघालाच आहे तर. त्यांची 'वाहू' पाणबुडी, जानेवारी १९४३, 'बुयो मारू' हे जपानी जहाज बुडवलं आणि होड्यांवर गोळीबार केला. त्या जहाजावर जपान्यांनी पकडलेले पंजाब रेजिमेंटचे आपले सैनिक होते, जवळपास २०० हिंदुस्थानी गेले. कमांडर मॉर्टन हिरो ठरला. न्यूरेंबर्गला डोनित्झच्या खटल्यात अमेरिकन ॲडमिरल निमित्झने लिहून दिलं की आम्हीही पहिल्या दिवसापासून बिनाइशारा जहाजं बुडवत होतो. जिंकणाऱ्याला मेडल, हरणाऱ्याला कोर्ट.

सरळरेषा:
हो, मग वाहूलाही नावं ठेवा, मी कुठे नको म्हणतोय. तीही पुढे त्याच वर्षी सगळ्यांसकट बुडाली. अमेरिकेच्या ५२ पाणबुड्या गेल्या, साधारण ३,५०० माणसं. 'टँग' तर स्वतःचाच शेवटचा टॉर्पेडो गोल फिरून परत आल्यामुळे गेली, ८७ पैकी ९ वाचले. यातल्या कोणालाच मी बिचारा म्हणत नाही.

मूग गिळून:
वाचतोय. आतापर्यंत कोणी कोणाच्या आईवर गेलं नाही, तब्येत बरी आहे ना सगळ्यांची?

सारंगाचा नातू:
काल जरा तिरकं लिहिलं गेलं. आजोबांचं पूर्ण सांगतो मग तुम्हीच ठरवा.

१९४२, अटलांटिक. जहाज गेलं, हे लाइफबोटीत अकरा जण. थोड्या वेळाने पाणबुडी वर आली, अगदी जवळ. टॉवरवर दाढीवाला एक पोरगा, आजोबा म्हणायचे माझ्यापेक्षा लहान असेल. त्याने इंग्रजीत विचारलं, जहाजाचं नाव काय, किती टनाचं. आमच्या जहाजाच्या सेकंड मेटने (अधिकाऱ्याने) सांगितलं. मग त्याने जमीन कुठल्या दिशेला ते हाताने दाखवलं, सिगरेटचं एक पाकीट फेकलं ते पाण्यात पडलं, आणि गेले. सहा दिवसांनी हे सापडले, अकराचे आठ झालेले.

आजोबा शेवटपर्यंत विचारायचे, त्याला नाव कशाला पाहिजे होतं?

नटबोल्ट:
टनेज. बुडवलेलं टनेज हिशेबात धरायला नाव लागायचं. लाखाच्या आसपास टन झाले की कमांडरला नाइट्स क्रॉस, म्हणजे मोठं मेडल.

सारंगाचा नातू:
हं. म्हणजे वजन विचारलं, आत माणसं किती ते नाही विचारलं.

डोकावणारा:
आणि सिगरेट फेकली. १९४२ मधला असेल तर तो पुढे वाचला असण्याची शक्यताही कमीच. मी मत बदललं असं नाही म्हणणार, पण मी ज्या पोरांबद्दल लिहिलं ती आतून बघितलेली होती, टॉवरवरची खालून बघितली नव्हती. नातूसाहेब, आजोबांची नल्ली, म्हणजे खलाश्याच्या नोकरीची नोंदवही, आहे का अजून?

सारंगाचा नातू:
आहे, त्या वर्षापुढचीच. आधीची पाण्यात गेली. नवीन नल्लीतली पहिली एंट्री त्यानंतर चार महिन्यांनी, परत अटलांटिक. फोटो टाकतो, पण आधी आईला विचारतो, कपाटाची किल्ली तिच्याकडे.