मदत हवी आहे: डिस्टॉर्शन लावलं की भीमपलासचा गंधार जातो

नमस्कार मंडळी,

आमचा पाच जणांचा बँड आहे. गायक (रीतसर ख्याल शिकलेला), तबला, ड्रम्स, बेस आणि इलेक्ट्रिक गिटारवर मी. गाणी स्वतःचीच करतो, त्यामुळे अडलं की कुणाचं ऐकून उचलायची सोय नाही. सध्या एका गाण्यावरून तालमीत रोज खडाजंगी चालली आहे.

गाणं भीमपलास रागात, ताल रूपक (सात मात्रांचा), पट्टी काळी एक (म्हणजे सा C# वर). मुखडा झकास होतो, कारण तिथे गिटार क्लीन असते आणि मी नुसता सा-प छेडत असतो. अंतऱ्यानंतर डिस्टॉर्शन (गिटारचा आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणारा इफेक्ट) लावून सा वरची मायनर कॉर्ड मारली की गायक गायचा थांबतो. "माझा गंधार गेला." आणि खरंच जातो हो. तो मध्यमाचा कण (ओझरता स्पर्श) घेऊन कोमल गंधारावर येतो, तिथे जरा रेंगाळतो, आणि नेमका तेव्हाच माझा गिटारच्या पडद्यावरचा (फ्रेटवरचा) गंधार खाली ठाण मांडून बसलेला असतो. दोघांपैकी बेसूर कुणीच नाही, तरी ऐकताना दात आंबतात. गिटार ट्यूनरवर तपासून झाली आहे. तीच कॉर्ड क्लीन वाजवली तर खटकत नाही. गेन (डिस्टॉर्शनचा जोर) उतरवला तर बरं वाटतं, पण मग रॉक कशाला म्हणायचं?

दुसरं भांडण ड्रमर आणि तबलजीचं. ड्रमर पहिल्या मात्रेवर किक आणि क्रॅश एकदम हाणतो आणि तबलजीचा चेहरा पडतो. ते म्हणतात, रूपकाचा जीवच गेला.

इंडियन ओशन हा बँड भरपूर ऐकलाय. असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गायचे, शेजारी अमित किलमचे ड्रम्स, तरी कुणी कुणाला झाकत नाही. पण तिथे सुश्मित सेन यांची गिटार सुरावटी विणत जाते, कॉर्डच्या भिंती उभ्या करत नाही. मदरजेन या रॉक बँडमध्ये बैजू धर्मजन डिस्टॉर्शनसकट कर्नाटकी गमकं घ्यायचे, मात्र ते लीडवर, म्हणजे एकेका स्वराच्या सुरावटीत. मला कॉर्डही हवी आणि गंधारही. "एकमेकांना समजून घ्या" छापाची उत्तरं कृपया नकोत, ती घरच्यांनी देऊन झाली आहेत.

प्रतिसाद १

तुमचा गायक बरोबर आहे. कुठल्याही तारेत मूळ स्वरासोबत त्याचे उपस्वर वाजत असतात. सा च्या पाचपट कंपनसंख्येवर येतो तो शुद्ध गंधार, दोन सप्तकं वरचा. तानपुऱ्यात ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, तोच हा. तानपुऱ्यात तो मंद असतो, म्हणून त्यावर भीमपलास सुखाने गाता येतो. डिस्टॉर्शन नेमके हे उपस्वर फुगवतं, शिवाय दोन स्वर एकत्र वाजले की त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे नवेच स्वर तयार करतं. म्हणजे तुमच्या मायनर कॉर्डमध्ये कोमल गंधार आहे, शुद्ध गंधाराची सावली आहे आणि वर गायकाचा हलता गंधार. तीन गंधार एका जागी!

त्यात पडदे बांधलेले. सा पासून तुमचा कोमल गंधार 300 सेंटवर (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), 6:5 या गुणोत्तराने येणारा 316 वर, आणि गायक तर कणाने येतोय, एका जागी उभा राहणारच नाही.

तेव्हा डिस्टॉर्शनमध्ये गंधार वाजवायचाच नाही. नुसता सा-प, म्हणजे पॉवर कॉर्ड. 3:2 चं नातं असल्यामुळे कितीही गेन दिला तरी ती स्वच्छ राहते. गायक गंधारावर रेंगाळतो तिथे तीही धरून ठेवू नका. उजव्या तळव्याने तारा दाबून तुटक वाजवा, किंवा सरळ म-सां वर जा. भीमपलासात मध्यम वादी (रागातला मुख्य स्वर) आहे, त्यामुळे ही कॉर्ड तिथे हक्काने बसते आणि गायकालाही परतायला घर मिळतं.

पट्टी काळी एक आहे ना? मग ड्रॉप डी करून (म्हणजे सहावी तार एका पूर्ण स्वराने उतरवून) सगळ्या तारा अर्ध्या स्वराने उतरवा. सहावी, पाचवी, चौथी मिळून आपोआप सा-प-सा होतं. एका बोटात पॉवर कॉर्ड, आणि मोकळ्या तारांवर खर्ज (खालचा सा) धरता येतो.

जाता जाता: शक्ती या बँडच्या काळात गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी पडद्यांमधलं लाकूड कोरलेली गिटार करून घेतली होती, वर तरफा (आपोआप झंकारणाऱ्या जादा तारा) जोडलेल्या. तार खोलवर दाबून मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) काढायला. लीड वाजवणार असाल तर विचार करा, कॉर्डला उपयोग नाही.

प्रतिसाद २

मी तबला वाजवतो, म्हणून दुसऱ्या भांडणापुरतं. रूपकात समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवरच, खाली (टाळी न देता मोकळी सोडायची जागा) आहे. ती ती ना, धी ना, धी ना. पहिल्या तीन मात्रा डग्ग्याच्या (तबल्याच्या जोडीतल्या खर्ज वाद्याच्या) घुमाऱ्याशिवाय, घुमारा येतो चौथीला आणि सहावीला. ड्रमरने पहिलीवर किक मारली की खाली भरून गेली, मग उरला नुसता सातचा हिशेब. त्याला सांगा, किक चौथी आणि सहावीवर, पहिलीवर फक्त बंद हाय-हॅट. क्रॅश द्यायचाच असेल तर चौथीवर. आठवडाभर त्याला हाताने टाळी-खाली धरून बोल म्हणायला लावा, काठ्या न देता. कुरकुर करेल, करू दे.

आणि किक आणि डग्गा एकाच मात्रेवर आले की स्टेजवर दोन्हींची खिचडी होते. किकचं कातडं जरा कोरडं, घुमाराहीन ठेवा आणि खालची घुमक डग्ग्याला सोडा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार! म-सां ची युक्ती आज तालमीत लावली, गायक पहिल्यांदाच न थांबता पुढे गेला. किक चौथीवर नेल्यावर ड्रमर दोनदा चुकला आणि मग तोच म्हणाला की असंच ठेवू. पण तारा उतरवल्यावर सहावी ढिली पडून पडद्यांवर खडखडतेय. सध्या तारांचा 9-42 चा सेट आहे (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात).

प्रतिसाद १

फारच बारीक आहे. 10-52 लावा. आणि नवा सेट चढवल्यावर इंटोनेशन (वरच्या पडद्यांवरही सूर बरोबर यावा म्हणून तारेच्या लांबीची जुळणी) पुन्हा लावून घ्या, नाहीतर बाराव्या पडद्यावरचा सा चढा येईल आणि गायक परत तुमच्याकडे बघेल.